चाड्याबाहेर सांडलेलं बी

"पट्टी लावायची न्हाई म्हणजे न्हाई," असं म्हणत अप्पांनी केस पेपर माझ्या टेबलावर परत सरकवला. "पेरणी तोंडावर आलीय. लोकं हिच्यासाठी थांबलेत. डोळा सरळ करायचाच, तर लग्नाच्या टायमाला करू. आमाला ठाव हाय ते."

हिच्यासाठी म्हणजे गौरीसाठी. अप्पांची नात, वय वर्षं सात. तिचा डावा डोळा नाकाकडे वळलेला होता. अप्पांचं हुलसूरला बी-बियाण्यांचं दुकान. गौरी जन्मली त्या वर्षी पीक चांगलं आलं, आणि एवढ्या पुराव्यावर तिच्या तिरळ्या डोळ्याला गावानं 'लक्ष्मीचा डोळा' ठरवून टाकलं. तेव्हापासून आसपासचे शेतकरी तिला जीपमधून शेतावर नेतात. तिफणीवर बी सोडायचं जे लाकडी तोंड असतं, त्याला चाडं म्हणतात. त्या चाड्यात पहिली मूठ गौरीच्या हातची पडायला हवी. डोळ्याला पट्टी लावलेली पोर मुठीला कशी चालेल?

मी बिदरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं ऑप्टोमेट्रिस्ट आहे. म्हणजे डॉक्टर नव्हे. नंबर काढणं, डोळा मोजणं, व्यायाम देणं हे माझं काम. सकाळीच मी गौरीचा डोळा मोजला होता. उजव्यानं तिनं तक्त्याची शेवटची ओळ धडाधड वाचली. डाव्यानं सगळ्यात वरचं, तळहाताएवढं अक्षर कसंबसं सांगितलं.

गंमत अशी की त्या डाव्या डोळ्यात काहीही बिघाड नव्हता. पडदा चांगला, नस चांगली. थोडा चष्म्याचा नंबर होता, बस. बिघाड पुढे होता, मेंदूत. दोन डोळे दोन चित्रं पाठवतात आणि मेंदू ती जुळवून एक करतो. डोळे दोन दिशांना असले की चित्रं जुळत नाहीत. घरात दोघं जण एकाच भांडणाच्या दोन हकीकती सांगायला लागले, की ऐकणारा एकाचं ऐकतो आणि दुसऱ्याला गप्प बसवतो. मेंदू तेच करतो. गप्प बसवलेल्या डोळ्याकडून येणाऱ्या जोडण्या लहानपणी नीट बांधल्याच जात नाहीत. आता मेंदूचे स्कॅन काढून बघतात, तेव्हा अशा माणसांत पाहण्याच्या भागांचा आपसातला संपर्कही वेगळा झालेला दिसतो. पोर लहान असतानाच हे मोडून काढता येतं. चांगला डोळा रोज काही तास झाकायचा आणि आळशी डोळ्याला कामाला लावायचं. सातव्या वर्षी थोडा वेळ हातात असतो. सतराव्या वर्षी जवळजवळ नसतो.

मी अप्पांना हे सगळं समजावलं. ते शांतपणे ऐकून घेत होते आणि मान नाही अशी हलवत होते. माझं डोकं तापलं. मी फाईल उचलून थेट सरांच्या केबिनमध्ये गेले. सर म्हणजे आमचे मोठे सर्जन.

"सर, तुम्ही एकदा सांगून बघा त्यांना."

"फॅमिली तयार नाही ना? लिहा, रिफ्यूज्ड. लग्नाच्या वेळी येतील बरोबर. तेव्हा ऑपरेशन करू. डोळा सरळ होईल."

"सरळ होईल सर. दिसणार नाही त्यातून."

"दुसरा डोळा आहे ना दिसायला? मॅडम, बाहेर तीस मोतीबिंदू बसलेत."

त्या क्षणी ती फाईल मला त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. बाहेर येऊन मी ती टेबलावर आपटली, तेवढाच काय तो माझा पराक्रम.

कॉरिडॉरमध्ये एका तरुण बाईनं मला थांबवलं. अप्पांची धाकटी मुलगी, महानंदा. गौरीला हट्टानं दवाखान्यात आणणारी तीच होती.

"मॅडम, मला वळखलं न्हाई का? माझं बी ऑपरेशन इथंच झालं. लग्नाच्या आदी, तीन वर्षं झाली."

मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. अगदी सरळ, देखणे.

"सरळ हाय, पर त्यातनं कायबी दिसंना," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, समद्यांचं असंच असतंय. आज तुमी अप्पांना सांगत व्हता, तवा कळलं. रविवारी मूठ हाय. तुमी शेताला या. तिथं अप्पा चार लोकांम्होरं व्हय म्हणले की मग फिरत न्हाईत."

रविवारी मी गेले. सुट्टीच्या दिवशी पेशंटच्या मागे शेतात जाणं माझ्या नोकरीत बसत नाही, पण राग कुठेतरी काढायला हवाच होता.

तिफण जुंपलेली होती. बैलांना हळदकुंकू लावलं होतं. गौरी नव्या फ्रॉकमध्ये, मुठीत सोयाबीन घेऊन पुढे आली. तिनं हात पुढे केला आणि मूठ सोडली. अर्धं बी चाड्यात पडलं आणि अर्धं बाहेर मातीत.

"भुईनं आपला वाटा घेतला!" कुणीतरी ओरडलं. सगळे खूष झाले. अप्पांनी पाणावलेल्या डोळ्यांनी हात जोडले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती भुईची कृपा नव्हती. दोन्ही डोळ्यांची चित्रं एक झाली की वस्तू नेमकी किती लांब आहे ते कळतं. ह्या पोरीच्या मेंदूत ती चित्रं कधी एक झालीच नव्हती. हात चाड्यापर्यंत पोचला की नाही, हेच तिला नीट उमगत नव्हतं. तिचं अपंगत्व हे लोक दरवर्षी आरती ओवाळून साजरं करत होते.

"अप्पा," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या हातानं तिचा उजवा डोळा झाका. लक्ष्मीच्या डोळ्यानं काय दिसतं ते बघू या."

ते चपापले. पण माणसं बघत होती. त्यांनी गौरीचा उजवा डोळा तळहातानं झाकला. मी त्यांच्या दुसऱ्या हातावर सोयाबीनचे दाणे ठेवले.

"गौरी, हात लावायचा नाही. बघून सांग, किती दाणे आहेत?"

ती वाकली. मान वेडीवाकडी केली. "दोन?" मग पुन्हा, "अप्पा, तुमी हात हलवायलाव का?"

अप्पांचा हात जागचा हलला नव्हता.

"दोन बी न्हाईत का? मला कळंना."

"आता सोडा डोळा," मी म्हणाले.

"पाच!" गौरी लगेच म्हणाली.

बियाण्यांच्या दुकानात वाढलेली पोर, चार बोटांच्या अंतरावरचे दाणे तिला मोजता आले नव्हते. अप्पांनी पुन्हा तिचा डोळा झाकला, दाणे बदलले, पुन्हा विचारलं. ती रडायला लागली तेव्हा थांबले.

"किती तास लावायची पट्टी?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून चष्मा आणि उजव्या डोळ्यावर पट्टी सुरू झाली. दुकानात अप्पांनी तिच्यासमोर परात ठेवली, तूर आणि सोयाबीन एकत्र केलेली. रोज दोन तास ती निवडायची. पहिले पंधरा दिवस पोर धडपडायची, पट्टी ओढून काढायची, अप्पांना नाही नाही ते बोलायची. एका गिऱ्हाइकानं तिला 'काणी लक्ष्मी' म्हटलं, तर अप्पांनी त्याला दुकानाबाहेर काढलं. दहा महिन्यांनी तिच्या डाव्या डोळ्यानं शेवटून तिसरी ओळ वाचली. मग सरांनी ऑपरेशन केलं. डोळा सरळ झाला.

"व्हेरी गुड रिझल्ट," सर म्हणाले. माझ्याकडे बघून, जणू कल्पना त्यांचीच होती.

अंतराचं भान मात्र आलं नाही. ती मूठ सोडेल तर बी आजही बाहेर सांडेल. पण आता तिला मुठीला कुणी बोलावतही नाही, डोळा सरळ झाला ना. गौरीला त्याचं काही वाटत नाही. ती शाळेत जाते.

गोष्ट इथंच संपली असती तर मी ती फुशारकीनं सांगत फिरले असते. शेवटच्या तपासणीला अप्पा आले, सोबत महानंदा होती. त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं एक पिवळं कार्ड काढलं. सोळा वर्षांपूर्वीचं, आमच्याच दवाखान्यानं हुलसूरला घेतलेल्या कॅम्पचं. पेशंटचं नाव महानंदा. वय आठ. डावा डोळा तिरळा. खाली एक ओळ: 'ऑपरेशनसाठी लग्नाच्या वयात यावे.'

अक्षर माझं होतं. सरांनी सांगितलं असणार, पण लिहिलं मी. पट्टीचा शब्दही नव्हता त्यात.

"आमी शिकलेली माणसं न्हाईत, मॅडम," अप्पा म्हणाले. "तुमी लग्नाच्या वयात या म्हणलात, आमी लग्नाच्या वयात आलाव. गौरीच्या टायमाला बी मी तुमचंच धरून बसलतो. तुमी माझ्यावर रागावलात, ते बराबर हाय. पर हिच्या टायमाला कामून सांगितलं न्हाई?"

महानंदा खाली बघत होती, तिच्या त्या सरळ, देखण्या डोळ्यांनी.

एवढे दिवस मी अप्पांवर चिडले, गावावर चिडले, सरांवर तर रोजच चिडते. त्या सगळ्या रागाला आता जायला एकच जागा उरली होती. "चुकलं माझं," मी म्हणाले. अप्पांनी कार्ड पुन्हा पिशवीत घातलं आणि खिशात ठेवलं. मला दिलं नाही.

आता लहान मुलाच्या कार्डावर 'नंतर या' लिहायची वेळ आली, की मी पेन खाली ठेवते आणि आईबापालाच मुलाचा चांगला डोळा झाकायला लावते. ओपीडीत रांग वाढते. सर ओरडतात. ओरडू देत.