दुसरं ताट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. यजमानांजवळ नाही, मुलीजवळ तर नाहीच. अनेकदा लिहायला बसले आणि दर वेळी त्याच्या आजूबाजूचं लिहून उठले — बॉस्टनच्या संग्रहालयातली फ्रेंच चित्रं, त्यांतल्या पाण्यावरचा जांभळट उजेड, न्यूयॉर्कच्या एका लहानशा चित्रपटगृहातली दुपार, शेजारच्या ओल्या लोकरी कोटांचा वास. तुम्ही कदाचित ते वाचलंही असेल. त्यात खोटं काही नव्हतं. जे सांगायचं होतं, तेवढं मात्र नव्हतं. आता आजूबाजूचं लिहायचंही त्राण उरलेलं नाही.

माझी मुलगी ईरा शिकागोला असते. तिच्या बाळंतपणाला मी गेले, आणि माझ्यानंतर घर सांभाळायला जावयाची आई आली. शेवंतीताई. मी मुलुंडची, त्या भांडुपच्या — इथे आमच्यात जेमतेम एका नाहूर स्टेशनचं अंतर. त्यांचे यजमान गिरणीत होते. बोलणं अजून मालवणी. लग्नात, रीतीप्रमाणे, मी त्यांचे पाय धुतले होते. चांदीच्या तबकात कोमट पाणी, हळदीचा वास, माझ्या बोटांखाली त्यांच्या टाचांच्या भेगा. त्यांनी पाय मागे ओढला होता. "पुरे हो ताई, गुदगुल्यो होतत माका!" सगळा मांडव हसला होता. मीही हसले होते — मनापासून, असं मला वाटतं.

तर, शिकागो. आम्हा दोघींचे काही आठवडे एकत्र आले. गावात एका फ्रेंच अभिनेत्रीचा मूकप्रयोग लागला होता आणि मला जायचंच होतं. तरुणपणी फ्रेंच शिकले ती कवितांसाठी. पण त्या भाषेचं मौनही मला ऐकायचं होतं. ईरा म्हणाली, "आई, त्यांनाही ने गं, घरात बसून कंटाळल्यात." मी हो म्हणाले. त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल? ईराने पाहिलं नाही. ती बाळाला घेत होती.

वाटेत मी शेवंतीताईंना समजावलं, की यात बोलणं नसतं, नुसता अभिनय. त्या खूश झाल्या. "म्हणजे त्यांचो धयकालोच!" त्यांच्या गावी जत्रेत दशावतार होतो, त्याला त्या धयकालो म्हणतात. तिथे राजाने प्रश्न टाकला की समोर बसलेल्या बायका उत्तर देतात. हे मला ठाऊक होतं. हे मला आधीपासून ठाऊक होतं, हे मुद्दाम सांगते.

रंगमंचावर काहीच नव्हतं. एक म्हातारी आली. तिने नसलेलं टेबल पुसलं, नसलेलं एक ताट मांडलं, मग दुसरं. वाट पाहिली. मग आमच्याकडे वळून तिने हात पुढे केला — कुणी येतंय का जेवायला? सभागृहात श्वासाचाही आवाज नव्हता. आणि माझ्या शेजारून, ठणठणीत:

"येतंय गो बाय, थांब जरा!"

शेवंतीताई उठल्या होत्या. पदर सावरून पायऱ्या उतरू लागल्या होत्या. लोक हसले, मग कुजबुज झाली, मग हसणं आंबलं. काळ्या कोटातली, नाट्यगृहाची एक मुलगी लगबगीने आली. तिने त्यांना हळूच थोपवलं, आमच्या रांगेकडे पाहिलं आणि मला इंग्रजीत विचारलं — या तुमच्याबरोबर आहेत का?

मी म्हणाले, नाही.

एवढंच. एक शब्द. शेवंतीताईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या मुलीकडे पाहिलं आणि तिच्यामागून निमूट बाहेर गेल्या.

इथे थांबले असते तर याला भित्रेपणा म्हणता आलं असतं. पण मी उठले नाही. उरलेला प्रयोग मी पाहिला, शेवटपर्यंत. आणि मला तो फार आवडला. म्हातारी एकटीच जेवली. मग दुसरं ताट तिने अलगद उपडं घातलं, जसा आपण झोपलेल्या मुलावर हात ठेवतो. मी रडले. बाहेर बाकावर माझी विहीण चपला जुळवून बसली होती, आणि मी आत एका नसलेल्या ताटासाठी रडत होते.

बाहेर आल्यावर म्हणाले, "अहो, कुठे होतात? मी केव्हाची शोधतेय तुम्हाला." त्यांचे डोळे भरून आले. "तुमचो खेळ बुडालो माझ्यापायी." घरी त्यांनी ईरालाही तेच सांगितलं. ईराने माझ्या गळ्यात हात टाकला. मी तो टाकू दिला.

पुढे आम्ही दोघी परतलो. गेल्या हिवाळ्यात मुलुंडच्या आमच्या महिला मंडळाने मला अमेरिकेत पाहिलेल्या फ्रेंच कलेवर बोलायला बोलावलं. शेवंतीताई भांडुपहून रिक्षा करून आल्या, इस्त्रीची साडी नेसून, पहिल्या रांगेत बसल्या. मी बोलत गेले. रंगात आले. आणि प्रयोगाच्या शेवटचं, म्हातारीचं ते उपडं ताट मी हातांनी करून दाखवलं — बोटांचा कोन, मनगटाचं थांबणं, सगळं. टाळ्या झाल्या. टाळ्यांमध्ये मला कळलं, मी काय दाखवलं ते.

त्यांनीही टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी जवळ आल्या, फळ्याला टेकून माझ्या खांद्याला लागलेली खडूची भुकटी झटकली आणि म्हणाल्या, "शेवट बरो होतो हां."

बस्स. पुढे काही नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. मे महिन्यात गावाहून आल्या की कोकमाची सोलं आणि कुळथाचं पीठ पाठवतात. या वर्षीही पाठवलं.

व्याख्यानाच्या त्या संध्याकाळी दाराशी रिक्षाची वाट पाहत आम्ही उभ्या होतो. मंडळाच्या एक नव्या बाई निरोप घ्यायला आल्या आणि सहज विचारलं, "या तुमच्याबरोबर का?"

"हो," मी म्हणाले, गरजेपेक्षा मोठ्याने. "माझ्या विहीणबाई."

शेवंतीताई रस्त्याकडे पाहत होत्या. रिक्षा आली. त्यांनी पाय उचलून आत घेतले आणि पदर सावरला.