आमच्या व्याह्यांची नजर

सगळ्या तालुक्याने मिळून करायची काळजी आमचे व्याही एकटेच करतात. दुसऱ्या कुणाला करायला ते ती शिल्लकच ठेवत नाहीत.

ते जीपमधून पाहुण्यांना अभयारण्यातले काळवीट दाखवतात आणि मग घोंगडी कशी विणतात ते बघायला आमच्या घरी आणतात. आमचे मालक मागावर बसतात, मी लोकर कातते. पाहुणे तिकडून निघायच्या आधीच व्याह्यांचा फोन येतो. "विहीणबाई, च्या झाकून ठिवा, माशी पडंल." चहा अजून चुलीवर चढलेलाही नसतो. कुणी लाल साडी नेसून आलं, की हरणं बुजतील म्हणून ते स्वतःचं उपरणं पांघरायला देतात. आधीच माफीही मागून ठेवतात, "नर न्हाई दिसला तर मनाला लावून घिऊ नका. त्यान्लाबी त्यांची कामं असत्यात." आणि नर दिसलाच तर, "समद्यांनी एकदम बघू नका, लाजंल त्यो."

पण नजर अशी, की लांबच्या गवतातलं शिंगाचं टोक त्यांनाच आधी दिसायचं. म्हणून पाहुणे त्यांचीच जीप मागायचे. माझी लेक त्यांच्या घरात दिली आहे आणि ते घर त्या जीपवरच चालतं.

मागच्या महिन्यात बाजारातून येताना त्यांनी मलाही पाहुण्यांबरोबर जीपमध्ये घेतलं. आमच्या वस्तीजवळ एकदम ब्रेक लागला.

"गप! समोर नर बसलाय."

सगळ्यांनी श्वास रोखले. मी बघितलं. चिंचोक्याची खळ दिलेली आमचीच काळी घोंगडी होती ती. सकाळी मीच बोरीवर वाळत टाकलेली.

"हलत नाही हो," एक मुलगी म्हणाली.

"हलंल कसा? रवंथ करतोय."

वाऱ्याने घोंगडीचं टोक उचललं. "उठला!" व्याही म्हणाले. पाहुण्यांना वाटलं, गंमत केली. सगळे हसले, व्याहीही हसले. पण तिथून घरापर्यंत त्यांनी जीप बैलगाडीच्या चालीने आणली.

पाहुणे मागापाशी गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "घोंगडी हुती न्हवं?"

त्यांच्याशी मी तोवर हो-नाहीपलीकडे बोलले नव्हते. लेकीच्या सासऱ्याशी काय बोलायचं? पण माणसं बसवून तीच जीप ते परत चालवणार होते.

"व्हय," मी म्हणाले. "डोळं दाखवा."

"दाखीवलं. मोतीबिंदू हाय. पर आपरेशन बिघडलं तर? हाय तेबी जायाचं. पोरीला सांगू नका."

"सांगनार. आन् आजपासून जीप जावईबापू चालवतील."

"तुमाला एवढं बोलता येतं व्हय?"

उद्या नगरला त्यांचं ऑपरेशन आहे. आज दिवस कलताना म्हणाले, "विहीणबाई, एकदा माळावर चला. न जानो." जावयाने जीप उभी केली. समोर मोठा कळप चरत होता. त्यांना नुसतं पिवळं दिसत होतं.

"सांगा की."

मी सांगायला लागले. माद्या पुढे आहेत, एक पाडस आईच्या पोटाखाली शिरतंय, नर मान वर करून इकडेच बघतोय. मी सांगेन तिकडे ते तोंड वळवत होते.

"शिंगं?"

"पीळ पडलेली. लई उंच."

ते हुं म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. कळप टेकाडाआड निघून गेला, तरी मी सांगतच राहिले.