चर्चच्या तळघरातलं घड्याळ

शेफील्डमधल्या एका चर्चच्या तळघरात दर गुरुवारी आफ्रिकेतून आसरा मागायला आलेल्या बायका जमतात. त्यांची संस्था चालवते इथिओपियाची वोइनशेत. सकाळी इस्पितळाच्या फरशा पुसायच्या, मग इथे येऊन कॉफीचे दाणे भाजायचे. भिंतीवरचं घड्याळ तिने मुद्दाम इथिओपियाच्या वेळेवर लावलंय. तिकडे दिवस सकाळी सहाला, सूर्याबरोबर सुरू होतो, म्हणून सकाळचे आठ म्हणजे दिवसाचे दोन. रखवालदार बॅरी दर आठवड्याला काटे 'दुरुस्त' करतो आणि ती दर आठवड्याला ते पुन्हा फिरवते.

मार्चमध्ये तिच्याच देशाची तिरुनेश आसऱ्याच्या अर्जाच्या निकालाचा कागद घेऊन आली, ती रडतच.

"एत्ये, मला खोटारडी ठरवलं."

एत्ये म्हणजे थोरली ताई. ताईने चष्मा लावून कागद वाचला. शिपाई घरात घुसले ते पहिल्या जबानीत दुपारी दोन वाजता, दुसऱ्या जबानीत सकाळी आठ वाजता. सबब, हकिकत बनावट. अर्ज नामंजूर.

पहिल्या दुभाष्याने तिचे 'दिवसाचे दोन' जसेच्या तसे सांगितले होते, दुसऱ्याने वेळ इथल्या घड्याळाप्रमाणे बदलून सांगितली होती. दोघांचंही खरं, आणि पोरगी मात्र विमानात बसवून परत पाठवायची! साहेबांना सूर्य कुठे उगवतो एवढंही विचारावंसं वाटलं नाही.

"माझीच चूक झाली असं लिहून देऊ का?" तिरुनेशने विचारलं.

"कुणाची चूक? सूर्याची? गप बस, कॉफी पी. तिसरा कप झाल्याशिवाय उठायचं नाही."

वोइनशेत घरी गेली ती धुमसतच. पलंगाखालची जुनी पेटी ओढून तिने स्वतःचा एकोणीस वर्षांपूर्वीचा नकार बाहेर काढला. तेव्हा तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. वकिलाने फक्त मान हलवली होती. आज तिने शेवटपर्यंत वाचलं. नवऱ्याला पकडून नेलं ते एकदा तीन वाजता, एकदा नऊ वाजता. सबब, बनावट.

पुढे तिला राहायच्या परवानगीचे कागद मिळायला अकरा वर्षं लागली. तोवर देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं.

अपिलाच्या दिवशी ती साक्षीला उभी राहिली, काखेत घड्याळ घेऊन. न्यायाधीशबाईंनी सगळं ऐकलं, दोनदा लिहून घेतलं. मग वोइनशेतने आपलाही कागद पुढे सरकवला.

"हे प्रकरण आज माझ्यासमोर नाही," बाई म्हणाल्या.

"मग कुणासमोर आहे?"

न्यायाधीशबाईंनी कागद परत तिच्याकडे सरकवला.

तीन आठवड्यांनी तिरुनेशला राहायची परवानगी मिळाली. गुरुवारी तळघरात बायकांनी आनंदाने किलकाऱ्या मारल्या. तेवढ्यात बॅरी शिडी घेऊन आला.

"बाई, तुमचं हे घड्याळ पुन्हा चुकलंय."

"हात लावलास तर याद राख!" वोइनशेत ओरडली. कपातली कॉफी हिंदकळून तिच्या मनगटावर सांडली. "तुमच्या लोकांना हे काटे वाचता आले नाहीत म्हणून मी माझ्या आईच्या मातीला गेले नाही."

बॅरीने शिडी मिटली आणि भिंतीला टेकवून ठेवली.