उंदरांचं म्हणणं

अण्णा, म्हणजे माझे वडील, फवारणीचं औषध बादलीत हातानेच ढवळतात. मी आणलेले हातमोजे देवळीत तसेच पडून आहेत. आई गेल्यापासून चौसाळ्याच्या घरात ते एकटेच. टोकायला कुणी नाही. मी हैदराबादला, प्रयोगशाळेत, तीही एकटीच.

गेल्या दिवाळीला तुरीवर फवारून आल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझं काम नीट विचारलं. मी सांगितलं, एखाद्या रसायनाने कॅन्सर होतो का, ते आम्ही उंदरांवर पाहतो. साध्या उंदरांत दोन वर्षं जातात. म्हणून या उंदरांत माणसाचं एक जनुक घातलेलं असतं. गाठ व्हायची तर सहा महिन्यांतच होते.

"म्हंजी थोडी माणसंच झाली की," अण्णा म्हणाले. "नावं ठिवता का त्यायला?"

"नंबर असतात."

"आन् आमचं औषध हाय का त्याच्यात?"

मला खरंच माहीत नव्हतं. प्रयोगशाळेत येणाऱ्या बाटलीवर रसायनाचं नाव नसतंच, नुसता आकडा येतो. हे उत्तर त्यांना काही पटलं नाही.

"मंग उंदरांनाच इचारून सांग," म्हणाले आणि औषधाचा वास मारणारा सदरा खुंटीला अडकवून जेवायला बसले.

तेव्हापासून दर रविवारी फोनवर एकच प्रश्न. "उंदरं बरी हायत का?" मी कशी आहे, हे कधी नाही. मला लई राग यायचा. भाड्याच्या खोलीत दिवसभर कुणाशी एक शब्दही बोललेली नसायची मी, आणि चौकशी कुणाची, तर उंदरांची! तरी शुक्रवारपासूनच त्या फोनची वाट पाहायची.

सहा महिने भरले. शेवटच्या तपासणीसाठी सगळे उंदीर मारावे लागतात, तसे ते मारले. निकाल यायला अवकाश होता, आणि आला तरी तो त्या आकड्याचाच असणार होता. इकडे पेरण्या तोंडावर आलेल्या. रविवारी रिकामे पिंजरे धुऊन मी खोलीवर आले, तोच फोन वाजला.

"काय म्हन्ली उंदरं?"

"म्हणाली, अण्णांना हातमोजे घालायला सांग."



"घालतो म्हनावं," अण्णा म्हणाले.

चार वर्षं मी घसा कोरडा करत होते, त्याचं काहीच नाही. मला हसूही आलं आणि रडूही.

"बरी हायत ना पर?"

"बरी आहेत," मी म्हणाले. मेली म्हटलं असतं, तर पुढच्या रविवारी अण्णांनी फोन कशाला केला असता?