मशेरीचा मसला

धाकटी जाऊ आमच्या घरात आली तेव्हा तिला कुराणातल्या दोन-चार सूरा येत होत्या, त्याही अडखळत. मी अख्खं कुराण वाचलेली. माझे वडील तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळच्या एका खेड्यात मशिदीची झाडलोट करायचे, बांग द्यायचे, आणि घरात मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मला शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कोणाला वाटायचं की तीच जास्त शिकलेली होती. नव्हती.

शहाद्यात आमचा पिंजाऱ्यांचा मोहल्ला. पुरुष कापूस पिंजायचे, आम्ही बायका गाद्या-रजया शिवायचो. घरात बोली अहिराणीच, अरबी नमाजापुरती. मशिदीत पेशइमाम होते, पण बायका त्यांच्यापुढे जाऊन काय विचारणार? म्हणून दुपारी शिवण घेऊन माझ्या ओट्यावर यायच्या आणि मला मसले विचारायच्या. हे चालतं का, ते चालतं का. मी एका घावात सांगायची. गोड बोलायला मला कधी जमलं नाही, आणि दीन-धर्म म्हणजे काय गुळाची ढेप आहे? बाई मेली की तिला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, तीही मीच घालायची. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका जिवंतपणीच सांगून ठेवतात, आपल्याला कोणाचे हात लागावेत ते. मोहल्ल्यात सगळ्या माझंच नाव घ्यायच्या. माझ्या सासूचंही मी तसंच धरून चालले होते. त्यात विचारायचं काय?

एका वर्षी रमजान दिवाळीच्या अलीकडे आला होता. थंडी तोंडावर, त्यामुळे लोणखेड्याच्या शेतकऱ्यांच्या रजयांचं काम ओट्यावर पसरलेलं. भर दुपारी सासू आतून येऊन बसली आणि दोरा ओवायला लागली, तर तिचं बोट काळं. मशेरी. रोजा धरून ही बाई कोठीमागे जाऊन दात घासून आली होती. मी म्हटलं, "अम्मा, तुमना रोजा गया. रस घसामा उतरस. आजपावेतो असंच करत व्हतात का?"

सासूने पदर तोंडाला लावला. म्हणाली, "मी तं थुकी टाकस, माय. खास नही." तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड, ती हिरड्यांवर चोळायची, चूळ भरायची, आणि आपण काही खाल्लंच नाही असं समजायचं. आमच्यातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचा हाच समज. मी म्हटलं, "मंग ह्या समदा रोजा नहीत. नुसतं उपाशी ऱ्हायनात." ओट्यावरच्या बायका खाली मान घालून टाके घालायला लागल्या. मी खरं तेच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सासूने आपली रजई उचलली आणि मागच्या पडवीत, धाकटीच्या चुलीजवळ नेली.

मध्ये कुडाची भिंत. मी कान लावायला गेले नव्हते, पण कापसाचे ढीग त्या भिंतीलाच लावलेले असत आणि कापूस मलाच काढायचा असे. धाकटी विचारत होती, "अम्मा, तल्लफ कव्हय येस?" सासू म्हणाली, "दुपारले. डोकं फिरस." "मंग दुपारले मी तुमना जोडे बससू. आपण काठ शिवूत." बस, एवढंच. मशेरी हराम का हलाल, एक शब्द नाही. मला हसू आलं. म्हटलं, ही काय मसला सांगणार, हिला काठ शिवायचेत.

पण दुपार झाली की सासू तिकडे. मशेरीची डबी धाकटीकडे ठेवायला दिली, ती दिवस मावळून मगरिबची बांग झाल्यावरच उघडायची. चार दिवसांत माझ्या ओट्यावरच्या दोघी तिकडे सरकल्या. मग आणखी एक, म्हणे तिकडे सावली बरी आहे. सावली! त्या पडवीत दुपारभर चुलीचा धूर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओटा मी जमवला, बायकांना विचारायची सवय मी लावली, आणि ही आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली. मी एकटी ओट्यावर सुई ओढत बसायची आणि तिकडून हसू ऐकू यायचं. रोजात एवढं हसण्यासारखं काय असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "आपा, अम्माना मांगला रोजास्नं काय?"

"कजा. एकले एक, फिरी धरना पडतीन."

"समदा?"

"मंग काय अर्धा?"

ती गेली. मी भिंतीशी उभी राहिले, हो, या वेळी मुद्दाम. ती सासूला सांगत होती, "आपा सांगस, भरी काढता येतस. हिवाळामा दिन ल्हाना ऱ्हातस. मी बी तुमनासंगे धरसू." आणि सासू चक्क रडली, आनंदाने. मसला माझा, शब्द माझे, वर माझंच नाव घेऊन सांगितलेला, आणि दुवा तिला. माझं नाव तिने चोरलं असतं तर मला इतकं झोंबलं नसतं.

तोरणमाळकडून गार वारा सुटला तेव्हा त्या दोघी खरोखर कजा रोजे धरत होत्या. पुढच्या हिवाळ्यातही. जमेल तितके. पहाटे, रोजा धरायच्या आधी, सहेरीला धाकटी भाकरी थापायची आणि सासू चुलीशी बसून तिला स्वतःच्या लग्नाच्या गोष्टी सांगायची. मला त्या कधी सांगितल्या नाहीत. मी थोरली सून, तिच्या घरात कितीतरी आधी आलेली.

लढाईच्या दिवसांत, कापडावर कंट्रोल होता तेव्हा, सासूने अंथरूण धरलं. कफनाचं कापड तिने स्वतःच पेटीत जपून ठेवलं होतं. आम्हा दोघींना बोलावलं आणि म्हणाली, "माले आंघोळ ल्हानीनी घालानी."

धाकटी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. तिने कधी मय्यतीला हात लावला नव्हता. मी विचारलं, "अम्मा, मन्हं काय चुकनं? मन्हा हात चांगला नहीत का?"

सासू म्हणाली, "चांगला शेत. तू खोटं बी नही सांगस. पन माले तुन्हा धाक वाटस, माय. मरानंतर बी वाटी."

मी तिथून उठले. स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली, घासलेलीच पुन्हा. मोहल्लाभर बायकांनी माझे हात मागितले, आणि माझ्या घरची बाई नको म्हणते. तेही अशा बाईसाठी जिला कशाचा कशाला पत्ता नाही.

धाकटी मागे आली. "आपा, माले नही येत. दखाडा." मी नाही म्हणू शकले असते. पण आमच्या घरच्या गुस्लात चूक झाली असं मोहल्ल्याने म्हटलेलं मला चाललं नसतं. कोठीत गुंडाळून ठेवलेली एक गादी होती, ती आडवी केली, वर चादर घातली आणि तिला शिकवलं. चादर अंगावरून काढायची नाही, हात खालून. आधी उजवी बाजू, मग डावी. बोरीची पानं पाण्यात उकळायची. शेवटी कापूर.

सासू गेली तेव्हा पाणी मी ओतलं. धाकटीचा हात आधी डावीकडेच गेला. मी तांब्या तसाच धरून ठेवला, तेव्हा तिच्या लक्षात आलं. आणि पूर्ण वेळ ती सासूशी बोलत होती. अम्मा, हात उचलस हां. अम्मा, पाणी कोमट शे. इतक्या बायकांना मी गुस्ल दिलं, एकीशीही बोलले नाही. बोलायचं असतं असं कुठे लिहिलेलं नाही.

आता माझे गुडघे गेले, डोळेही जायला आलेत. बायका अजून पडवीतच बसतात. मी अजून जळते, का खोटं बोलू? परवा सुनेने विचारलं, तुमच्या गुस्लाचं काय ठरलंय? मी म्हटलं, धाकटीलाच बोलवा.

मी कारण काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की पाणी ओतायला कोणीतरी जाणती बाई उभी करा, ती अजून डावीकडूनच सुरू करते.