इथं माणूस हाय

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खोटं कशाला बोलू, हसायलाच वाचते. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाच्या स्कूटरवर मागे कुणीतरी येऊन बसतं... मी जामखेडला आयुष्यभर अंगणवाडी चालवली. खोलीभर रडकी पोरं एका वेळी सांभाळलेल्या बाईला भूत काय घाबरवणार? एकदा आमच्या गल्लीत एकीच्या अंगात आलं होतं, तर मी पाया पडायच्या निमित्ताने वाकून तिच्या अंगठ्याला टाचणी टोचली होती. देवीने मला ज्या शिव्या दिल्या, त्या इथे छापता येणार नाहीत.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, म्हातारी हळवी आहे.

माझा मुलगा अमोल एका क्रूझ बोटीवर कुक होता. गावभर लोक मावतात ती मोठी क्रूझ नव्हे. ही छोटी, पण श्रीमंत लोकांची. इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या आडवळणी बेटांमधून पाहुण्यांना फिरवायचं, मग जावा बेटावर उतरवून आगगाडीने हिंडवायचं — असा तिचा थाट. बांदा नावाचा समुद्र आहे तिकडे. तिथे एका सकाळी अमोल नाश्त्याच्या ड्यूटीला आलाच नाही. केबिनमध्ये नाही, किचनमध्ये नाही, बोटीवर कुठेच नाही. समुद्र शोधला, आसपासची बेटं शोधली. पडताना कुणी पाहिलं नाही. उडी मारली म्हणावं, तर आदल्या संध्याकाळीच व्हिडिओ कॉलवर लेकीच्या वाढदिवसाला कसला केक करू विचारत होता.

कागदावर शब्द आला — बेपत्ता. मेला असं कुणी म्हटलं नाही आणि मी कुणाला म्हणू दिलं नाही. फोटोला हार घालायचा नाही, अशी ताकीदच दिली होती घरात. नात, स्वरा, विचारायची, "आज्जी, पप्पा कधी येणार?" मी म्हणायची, "येणारे गं. बोट लांब असती ना." सून मनीषा शाळेत शिकवायला जायची, घरी यायची, आणि यावर काहीच बोलायची नाही.

साल उलटल्यावर कंपनीने आम्हा दोघींना बोलावलं. त्याच बोटीने, त्याच मार्गाने, पाहुण्यांच्या केबिनमध्ये. "निरोप घेता यावा म्हणून" असं मेलमध्ये होतं. मनीषाने वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "निरोप कसला घेतीस? आपण आणायला चाललोय त्याला."

मी तेव्हा सदुसष्ट वर्षांची अल्लड पोरगी होते. माझी पक्की थिअरी होती: अमोल कुठल्यातरी बेटावर वाहत गेला, डोक्याला मार लागला, काही आठवत नाही, आणि एखाद्या काळ्यासावळ्या पोरीने त्याला घरात घेतलंय. त्या पोरीशी काय भांडायचं, त्याची वाक्यंसुद्धा तयार होती. बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि अमोलचा इस्त्रीचा शर्ट. पायात पांढरे बूट, अंगावर सहावारी, वर काळा चष्मा... आरशात बघून मी स्वतःला डिटेक्टिव्ह समजत होते. आता फोटो बघते तर डोळ्यांचं ऑपरेशन करून आलेली बाई दिसते.

बोट सुंदर होती, नाही म्हणणार नाही. उशीवर रोज ताजं फूल. सकाळी रबरी होडीत बसवून बेटावर न्यायचे. पाणी एवढं नितळ, की तळाची वाळू दिसायची. बाकीचे पाण्यात मासे बघायचे, मी किनाऱ्यावरची माणसं बघायची. एका बेटावर नुसती जायफळाची झाडं. तिथल्या एका म्हाताऱ्याला मी मोबाईलवर अमोलचा फोटो दाखवला. त्याने निरखून बघितला, अंगठा वर केला, आणि आत जाऊन आपल्या लग्नाच्या मुलीला घेऊन आला! मनीषा त्या दिवशी सालभरात पहिल्यांदा हसली.

"आई, स्थळ चांगलं हाय," म्हणाली. "जायफळाची बाग हाय त्यांची."

"तू आधी सवत म्हणून चालती का विचार तिला," मी म्हटलं.

असं हसत खिदळत आम्ही बेटांमागून बेटं संपवली. बोटीवरच्या लोकांनी किचनमधला अमोलचा ओटा दाखवला, जिथे तो कणीक मळायचा. मनीषाने त्यावर हात ठेवला आणि उचलेचना. मी म्हटलं, "पुसून घे, धूळ असंल." स्टीलचा ओटा होता. धूळ कुठली.

शेवटचं बेट मागे पडलं. तरी मी म्हणत होते — जावा केवढं मोठं आहे, माणसांनी भरलेलं आहे, तिथे असेल.

जावात आगगाडी. मखमली खुर्च्या, पांढरे हातमोजे घातलेले वेटर. आमच्याबरोबर रत्ना नावाची गाईड दिली. नाव ऐकून मी तिच्याशी थेट मराठीतच सुरू केलं, आणि ती बिचारी मान डोलवत राहिली. ती जावातच आमच्यात आली होती. आम्ही कोण, कशाला आलोय, हे तिला माहीत नव्हतं.

मध्ये एका दिवशी जुन्या साखर कारखान्याची सहल होती. फाटकातून आत गेलो आणि मळीचा तो आंबूस-गोड वास आला. डोळे मिटले असते तर मी म्हटलं असतं, श्रीगोंद्याच्या अलीकडे आहे. ऊस वाहायची बुटकी आगगाडी होती, तिला पाहुण्यांसाठी उघडे डबे लावलेले. समोरासमोर लाकडी बाकं, एका बाकावर दोन माणसं. आणि जागांना नंबर नाहीत!

आता जन्मभर जामखेड-नगर एसटीने हिंडलेल्या बाईला नंबर नसलेली गाडी दाखवली, तर काय होणार? गोरी मंडळी टोप्या सावरत इंजिनाचे फोटो काढत होती. तेवढ्यात मी बाहेरूनच हात लांब केला आणि चांगल्या बाकावर रुमाल टाकला. मनीषासाठी. मग चढून शेजारी बसले. भर उन्हात तेवढी धाव घेतली म्हणून छाती धपापत होती, पण जागा धरली!

मनीषा लाजेने लाल. "आई, इथं कोणी जागेसाठी भांडत नाही हो. तो रुमाल उचला!" आणि माझ्यावर चिडून मुद्दाम समोरच्या बाकावर जाऊन बसली. रुमाल तिथेच राहिला, चोळामोळा. मघाशीच मी त्याने तोंड पुसलं होतं.

मागून एक दांडगे गोरे आजोबा आले. रुमालाकडे बोट दाखवून हसले — बसू का? आणि माझ्या तोंडून एसटीत निघतं तसं खणखणीत निघालं, "माणूस हाय इथं!"

त्यांना भाषा कळली नाही, पण सूर कळला. सॉरी म्हणून पुढे गेले.

"कोण माणूस, आई?" मनीषाने विचारलं.

"येतंय की."

"कोण येतंय?"

"तू गप बस. तुझ्यासाठी धरली तर तू तिकडं जाऊन बसली. आता कोणी का येईना."

शपथेवर सांगते, तेव्हा माझ्या मनात अमोल नव्हता. मी नुसती जागा राखत होते. सवय.

गाडी निघाली. दोन्हीकडे ऊस. थोड्या वेळाने रत्ना ट्रे घेऊन आली, उसाच्या रसाचे ग्लास होते. एक मनीषाला दिला, एक मला. तिसरा उचलून ती रुमालाच्या दिशेने वाकली — दोन्ही हातांनी, अदबीने, माणसाला देतात तशी. आणि थांबली.

मनीषा इंग्रजीत म्हणाली, "आम्ही दोघीच आहोत."

रत्नाने जागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मला तीन वाटले," म्हणाली. "मघाशी तीन होतात ना?" मग कसनुसं हसून ऊन फार आहे असं काहीतरी बोलली आणि ग्लास परत नेला.

"बघ," मी मनीषाला म्हटलं, "हिला इथं जन्मून ऊन लागतंय."

पुढे एका वळणावर गाडी हळू झाली. शेतात बाया ऊस तोडत होत्या. डोक्याला फडकी बांधलेली, उसाच्या शेंड्याच्या वाढ्यानेच मोळी आवळत होत्या... अगदी आपल्याकडच्यासारख्या. आम्ही दोघी तिकडे बघत राहिलो. मी हातसुद्धा हलवला. एकीने कोयता वर करून दाखवला. मग तोंड पुसायला म्हणून मी रुमालाकडे हात नेला.

रुमालाची घडी झाली होती.

त्रिकोणी. आधी अर्धी, मग पाव, कडांना कडा लागलेल्या. घडीच्या पोळीची घडी. अमोल लहानपणी ओट्याशी स्टुलावर उभा राहून माझ्याकडून पोळ्या शिकला, आणि तेव्हापासून त्याला जगातलं प्रत्येक चौकोनी फडकं पोळीच वाटायचं. रुमाल, नॅपकिन, स्वराची दुपटीसुद्धा. घडी घातली की मधोमध अंगठ्याने एकदा दाबायचा, लाटण्याआधी पोळीला दाबतात तसा. मनीषा चिडायची, कपाटात चळत नीट लागत नाही म्हणून.

त्या रुमालाच्या मधोमध अंगठ्याएवढा खळगा होता.

मनीषाने माझ्या हाताच्या रोखाने बघितलं. तोंडाशी नेलेला ग्लास तसाच खाली आणला. मीच ओरडले.

"तू केलीस ही."

"मी?"

"तूच! तुला मोकळं व्हायचंय. हा खेळ केलास म्हणजे सासू गप्प बसंल..."

तिने दोन्ही हात पुढे केले. एकात रसाचा ग्लास, एकात मोबाईल. रस साडीवर सांडला.

"आई, मला पाहिजे होतं का हे?" ती म्हणाली. "तुम्ही 'येणारे, येणारे' म्हणायच्या. मी वरून गप असायचे. पण मी त्या तुमच्या 'येणारे'वरच झोपायचे रोज."

तेव्हा माझ्या डोक्यात ते उतरलं, जे तिच्या डोक्यात आधीच उतरलं होतं. जिवंत माणूस फोन करतो. दार वाजवतो. त्याला भूक लागते, तो रस पितो. जिवंत माणूस असा शेजारी बसून रुमालाची घडी करून जात नाही.

गाडी कारखान्यात परत आली, सगळे उतरले. मी उठेना. एसटीचा कायदा आहे, रुमाल उचलला की जागा सुटली. रत्ना दोनदा बोलवून गेली. शेवटी मनीषा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली — त्या जागेवर बसली नाही — आणि माझ्या कोपराला धरून म्हणाली, "चला आई. उचला आता."

मी उचलला. हातात घेताच घडी मोडली. नाकाला लावून बघितला. माझ्याच घामाचा वास होता. समुद्राचा नाही, त्याचा नाही. काही नाही.

चटणी आणि शर्ट हॉटेलच्या खोलीत ठेवून आलो.

याला आता तीन वर्षं झाली. मनीषा स्वराला घेऊन सुप्याला माहेरी असते, तिथल्या एका कंपनीत ऑफिसात लागली. तिच्या वडिलांनी तिच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तेव्हा मीच हो म्हटलं. मागे स्वराने फोनवर विचारलं, "आज्जी, पप्पा?" मी म्हटलं, "न्हाई गं बाळा. न्हाई येणार." तिने फोन तसाच मनीषाच्या हातात दिला.

या सदरात लोक शेवटी लिहितात, कुणी काही म्हणो, आम्ही अनुभवलं ते खरं. माझं उलटं आहे. मला खोटं पाडा. नकळत माझ्याच हातांनी घडी झाली असेल? मी रोज करून बघते. माझी बोटं चौकोनीच घडी घालतात, संधिवाताने अंगठा दाबतच नाही. वाऱ्याने? रत्नाला खरंच ऊन लागलं होतं? समुद्रात हरवलेला पोरगा उसाच्या गाडीत कशाला येईल? तुमच्यात शिकलेली माणसं आहेत, डॉक्टर आहेत, विज्ञानवाले आहेत. एकाने तरी पटेल असं कारण सांगा, कितीही क्षुल्लक चालेल. ते पटलं, तर अमोल त्या दिवशी तिथे नव्हता. आणि तो तिथे नव्हता, तर मी अजून म्हणू शकते की तो कुठेतरी आहे.

मला स्वतःला सुचलेलं एकही कारण मला पटलेलं नाही.