शेजारच्या खांबावरचा कोयता

माझं काम काय, हे लोकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेकांना वाटतं की मी घरी बसून डेटा एंट्री करते. मी एका बातमीसंस्थेसाठी फोटो तपासते. कुठे दंगल झाली, पूर आला, गोळीबार झाला की फोटो धो धो येतात. त्यातला कोणता त्या जागेचा, कोणता जुना, कोणता यंत्राने बनवलेला, हे मी डोळे फोडून शोधते आणि शेरा मारते: खरा, खोटा किंवा सांगता येत नाही. हा तिसरा शेरा मारणं माझ्या जिवावर येतं. तो मारला की हरल्यासारखं वाटतं. माझा हा अहंकार आधीच कबूल केलेला बरा, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

ज्या सीमेबद्दल सांगतेय तिचं नाव मी लिहीत नाही. तिथे भांडणाऱ्या दोन धर्मांचीही नाही. नावं लिहिली की वाचणारा लगेच आपली बाजू धरून बसतो आणि पुढचं वाचतच नाही, हे मी रोज बघते. इतकं सांगते की तिथे एक नदी आहे आणि तिच्या काठावर दोन वस्त्या आहेत, एक वरची, एक खालची. दोन्हीकडे मासेमारी चालते, धर्म मात्र वेगळे. हद्द कुणाची हे ठरलेलं नाही, त्यामुळे काठावर पक्कं बांधकाम कुणालाच करू देत नाहीत, प्रार्थनास्थळंही गवताच्या छपरांचीच. महिनाभर तिथे मारामाऱ्या चालल्या होत्या आणि रोज मी त्याच नदीचे फोटो चाळत होते.

त्या दिवशी सकाळी एक फोटो आला. काठावर राखेचा ढीग, त्यातून अजून धूर निघतोय. शेजारी गवताचं छप्पर जमिनीवर आडवं पडलेलं. मधोमध एक माणूस उभा, हातात लांब पात्याचा कोयता, मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली. चेहरा थेट कॅमेऱ्याकडे. खाली ओळ होती: ‘वरच्या वस्तीतल्या याच माणसाने आमचं प्रार्थनास्थळ तोडलं आणि जाळलं. चेहरा ओळखून ठेवा.’

मी कामाला लागले. फोटो आधी कुठे आला होता का, ते शोधलं. नव्हता. नदीचं वळण उपग्रहाच्या नकाशावर लावून पाहिलं. जुळलं. पलीकडची टेकडी जुळली, तिच्यावरचा मोबाइलचा टॉवरही जुळला. सावलीवरून वेळ काढली, आदल्या दुपारची निघाली; तेव्हाचं तिथलं हवामान पाहिलं. सगळं चोख. यंत्राने बनवलेल्या फोटोत बोटांचा घोळ असतो, याची पाचही बोटं जागच्या जागी होती. अकराच्या सुमारास मी शेरा पाठवला: खरा. आणि स्वतःवरच खूश होऊन दुसऱ्यांदा चहा टाकला.

आमच्या प्रमुखांचा फोन आला. ते नेहमी घाईतच असतात.

‘एकदम नक्की ना? सहाला टाकतोय आपण. चेहरा स्पष्ट आहे, सगळे उचलणार.’

‘नक्की,’ मी म्हटलं.

तोवर तोच फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन पडला होता. खाली हिंदीत, ‘इसको छोड़ना नहीं चाहिए.’ हजारो कोसांवरच्या माणसाला न सोडण्याच्या गोष्टी आमच्या तिसऱ्या मजल्यावरून चालल्या होत्या. त्याला मराठी, हिंदी, गुजराती कुणाचीच ना नव्हती. ग्रुपवर एरवी पाण्याच्या टाकीवरूनही एकमत होत नाही.

बाराला सुकी मासळी विकणारी मावशी आली. ती समुद्रकाठच्या तारोडीची, कोळीण. आठवड्यातून एकदा सुके बोंबील, जवळा, वाकट्या घेऊन आमच्याकडे येते. साठी केव्हाच ओलांडलीय, गळ्यात क्रूसाची साखळी, डोक्यावरची टोपली स्वतःच उतरवते, कुणाला हात लावू देत नाही. मी तिला पाणी आणायला आत गेले आणि परत येऊन बघते तर ती टेबलावरच्या लॅपटॉपसमोर उभी.

‘ह्यो कनचा बंदर?’ तिने विचारलं.

‘बंदर नाही गं मावशी, नदी आहे. लांबची. तिथे धर्मावरून भांडणं चाललीयत. या माणसाने त्यांचं देऊळ जाळलं.’ देऊळ म्हटलं, म्हणजे तिला समजेल. तिला समजावून सांगण्याचा माझा सूर आठवला की आज लाज वाटते.

मी बघत होते, तिचे डोळे आधी पाण्यावर गेले. मग काठाला लावलेल्या होडीवर. मग आडव्या पडलेल्या छपरावर, तिथे खूप वेळ थांबले. माणसाकडे तिने सगळ्यात शेवटी पाहिलं. मी सकाळी पहिल्यांदा त्याच्याकडेच पाहिलं होतं आणि नंतरही बराच वेळ त्याच्याकडेच.

‘दोन हायत,’ ती म्हणाली.

‘काय दोन?’

‘छपरा दोन. एक जालला. दुसरा कापून खाली पारलाय. जालला न्हाय तो, बग. ह्यो मानूस जालाला न्हाय आयला, बाय. इजवाला आयलाय.’

मी हसले. खरंच हसले. मग फोटो मोठा केला आणि हसू जागच्या जागी थांबलं. आडव्या पडलेल्या छपराचं गवत नुसतं धुळीने माखलेलं होतं, एक काडी करपलेली नव्हती. दोराची टोकं सरळ कापलेली. राखेच्या बाजूला वेगळे चार खांब, काळे. पडलेल्या छपराचे वेगळे चार, धडधाकट. मी चार तास ज्याला एक जागा समजत होते त्या दोन होत्या.

‘जालायचा त कापील कशाला?’ मावशी म्हणाली. ‘एका छपराला आग लागली का बाजूचा कापून खाली पाराचा. मंग आग फुरं न्हाय जात. आता कोयता कोनाचे खांबाला व्हता ते बग. मंग समजल.’

ते काही माझ्या डोक्यात शिरेना. ती तिच्याच घाईत होती, बोंबील विकून झाले होते. ‘चल माझेबरूबर,’ ती म्हणाली, ‘दावतंय.’

मी प्रमुखांना फोन केला. फोटो थांबवा म्हटलं.

‘खरा म्हणालीस ना?’

‘फोटो खराच आहे. खालची ओळ खोटी असावी.’

‘असावी म्हणजे? कुणी सांगितलं?’

‘आमच्याकडे सुकट घेऊन येतात, त्या मावशींनी.’

मग ते म्हणाले, ‘सहापर्यंत काहीतरी हातात दे. नाहीतर तुझा सकाळचा शेरा आहेच आपल्याकडे.’

बसमध्ये मी मावशीच्या शेजारी बसले. इतकी वर्षं मी फोटो तपासत होते. फोटोच्या खालच्या ओळीचं काय? फोटो खरा निघाला की ती त्याच्या आडून फुकटात आत शिरते, आणि तिला दार उघडून देणारी मीच. या वेळी त्या ओळीमागे एका माणसाचा चेहरा होता आणि तो ओळखून ठेवा असं लोकांना सांगितलेलं होतं.

मावशीच्या छपराला घर म्हणता येणार नाही. समुद्राजवळ जाळी, दोर, टोपल्या ठेवायला झावळ्यांची छपरं एका ओळीत आहेत, एकाला लागून एक. वरून आता निळी ताडपत्री आलीय, खाली झावळ्याच. पलीकडे बांबूंवर बोंबील वाळत होते. मावशीने मला तिच्या छपरात न नेता शेजारच्या छपराच्या पुढच्या खांबाशी नेलं. तिथे कोयता टांगलेला होता.

‘ह्यो माझा,’ ती म्हणाली.

‘मग इथे कसा?’

‘माझे छपराला आग लागली त माझा कोयता आगीतच ऱ्हाणार ना? कापाचा कशान? म्हनून बाजूवाल्याचे खांबाला ठेवाचा. त्याचा त्याचे फुरचे छपराचे खांबाला हाय. त्याने मना टांगाला दिला, म्हंजी त्याचा छप्पर कापाला दिला. मंग तेव्हा इचारत बसाचा न्हाय.’

बाजूचं छप्पर कुणाचं, मी विचारलं. एका हिंदू कोळ्याचं, ती म्हणाली, आणि तोंड वाकडं केलं. बोंबील वाळवायच्या जागेवरून दोघांचं फाटलं होतं. तीन वर्षं एकमेकांशी अबोला, त्याच्या मुलीच्या लग्नालाही ही गेली नव्हती. ‘ता तोंड न्हाय बघाचे लायकीचा,’ ती म्हणाली. आणि बोलता बोलता त्याच्या खांबावरच्या आपल्या कोयत्याला पदराने पुसून धार बघितली.

मी नुसती बघत राहिले. मीरा रोडहून मी इथे कितीदा आले असेन, वाळणाऱ्या बोंबलांचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवले असतील. हे कोयते माझ्या डोळ्यांसमोर टांगलेले होते आणि मला ते कधी दिसले नव्हते.

तिथेच एका उलट्या टोपलीवर बसून मी मोबाइलवर शोधायला लागले. सकाळी मी नदीकाठचे फक्त ताजे फोटो शोधले होते, आता जुने शोधले. बराच वेळ काहीच मिळेना. चार वाजले, साडेचार झाले. मावशीने मला न विचारता चहा आणून दिला, जाळ्यांचा वास असलेल्या पेल्यात. मग एका प्रवाशाने होडीतून काढलेला, वर्षापूर्वीचा व्हिडिओ सापडला. हलता, धूसर, मागे त्याची स्वतःचीच बडबड. त्यात चार-पाच क्षण काठावरची दोन प्रार्थनेची छपरं दिसतात, शेजारी शेजारी, दोघांवर वेगवेगळी निशाणं. मी व्हिडिओ थांबवला. खालच्या वस्तीच्या छपराच्या पुढच्या खांबाला एक कोयता टांगलेला होता. मुठीला लाल चिंधी.

मी मोबाइल मावशीपुढे धरला.

‘हां,’ ती म्हणाली. ‘बराबर.’ जणू मी तिला भाजीचा भाव सांगत होते.

आता अंदाज पुरणार नव्हता. वरच्या वस्तीच्या पलीकडे एक शाळामास्तर आहेत, त्यांनी याआधी दोनदा मला खात्रीची माहिती दिली होती. घाबरत घाबरत देतात, पण खोटं सांगत नाहीत. मी त्यांना व्हिडिओतलं ते चित्र पाठवलं आणि एवढंच विचारलं: जळलं कुणाचं, कापलं कुणाचं आणि हा कोयता कुणाचा?

साडेपाचला उत्तर आलं. जळलं ते वरच्या वस्तीचं, म्हणजे त्या माणसाच्या स्वतःच्या धर्माचं. आग कुणी लावली ते माहीत नाही. त्याने आपलं जळू दिलं आणि धावत जाऊन शेजारच्यांचं कापून खाली पाडलं. कोयता वरच्या वस्तीचा, पण टांगलेला खालच्यांच्या खांबावर, पूर्वीपासून तिथेच असतो. तो माणूस काल रात्रीपासून घर सोडून लपलाय, त्याची बायको-मुलं मास्तरांकडे आहेत.

मी ते तीनदा वाचलं. महिनाभर त्या दोन वस्त्या एकमेकांची डोकी फोडत होत्या, मी रोज त्याचे पुरावे गोळा करत होते, आणि एवढ्या सगळ्यात तो कोयता कुणी खांबावरून काढला नव्हता. मला रडू आलं. मावशी म्हणाली, ‘चाय थंड झाली तुजी.’

पावणेसहाला मी प्रमुखांना सगळं पाठवलं: दोन्ही चित्रं, कापलेले दोर, मास्तरांचं उत्तर. शेरा बदलला. फोटो खरा, ओळ खोटी, चेहरा झाकून टाकावा. आणि खाली लिहिलं की सकाळचा शेरा माझी चूक होती. त्यांनी फोन करून दोन्ही चित्रं पुन्हा एकदा समजून घेतली. मग म्हणाले, ‘त्या मावशींचं नाव टाकायचं का?’ मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, ‘माझा काय काम?’

सोसायटीच्या ग्रुपवर मी आमची बातमी टाकली. सकाळी लिहिणाऱ्यांपैकी दोघांनी हात जोडले, बाकीचे गप्प राहिले. मला तेवढं पुष्कळ होतं.

पुढच्या आठवड्यात मावशी आली तोवर मास्तरांचा निरोप आला होता. खालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनीच आपल्या लोकांना सांगितलं की आमचं छप्पर वाचलंय, कुणाला मारायला निघालात? तो माणूस घरी परतला होता. मी दार उघडल्या उघडल्या तिला ही बातमी सांगितली. ती टोपली उतरवून खाली बसली, धापा टाकत.

‘बरा झाला. आनि कोयता?’

‘कोयत्याचं काय?’

‘फिरून टांगाला दिला का त्याना?’

मी विचारलंच नव्हतं. माणूस घरी आला म्हणजे गोष्ट संपली, असं मी धरून चालले होते. मी तिच्यासमोरच मास्तरांना निरोप धाडला. ती थांबली. एरवी दहा मिनिटं न थांबणारी बाई आमच्या दारात भिंतीला टेकून बसून राहिली, आणि मीही तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

बऱ्याच वेळाने मोबाइल वाजला. नुसता फोटो होता, खाली ओळ नव्हती. मी आधी पाणी पाहिलं. मग होडी. मग पुन्हा उभं केलेलं छप्पर, नव्या दोरांनी बांधलेलं, त्यावर खालच्या वस्तीचं निशाण. पुढच्या खांबाला कोयता टांगलेला होता. लाल चिंधी धुतलेली दिसत होती.

मावशीने मोबाइल हातात घेऊन फोटो नीट पाहिला, मोबाइल मला परत दिला आणि टोपलीवरचं फडकं काढलं.

‘आता सांग,’ ती म्हणाली, ‘बोंबील किती देऊ?’